बोट लहान काहून, जुनी काहून

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रोवणीच्या धांदलीत एवढं लांब पत्र वाचायला सवड मिळणार नाही. पाऊस उघडेपर्यंत ठेवून दिलं तरी चालेल. बाबा, मी समुद्रात एकटीने जायला जी शिडाची बोट घेणार आहे, तिच्याबद्दल फोनवर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: बोट एवढी लहान काहून, एवढी जुनी काहून, आणि एकटीने जायचं तर झोपायचं कधी. आईने चौथी विचारली, पाण्याची. फोनवर याची उत्तरं धड देता येत नाहीत. मध्येच रेंज जाते आणि अर्धवट ऐकून तुम्हाला घोर लागतो.

आधी बुडण्याचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. तुमच्या डोळ्यांसमोर वैनगंगेतला डोंगा येतो. डोंग्याच्या तळाला भार नसतो, सगळं वजन वर बसलेल्या माणसांचं. एक जण उभा राहिला की तो कलतो आणि फार कलला की उलटतो. समुद्रातल्या शिडाच्या बोटीचं गणित वेगळं. तिच्या पोटाखाली कील असते, म्हणजे शिशाचा किंवा ओतीव लोखंडाचा भार. चांगल्या जुन्या बोटींमध्ये हा भार एकूण वजनाच्या ४० ते ५० टक्के असतो. वारा बोटीला आडवं पाडायला बघतो आणि कील तिला परत उभी करते. किती अंश कलेपर्यंत बोट आपणहून सरळ होते, याचा आकडा बहुतेक नावाजलेल्या नमुन्यांचा मिळतो. ९० अंश म्हणजे डोलकाठी पाण्याला टेकली. १२० पेक्षा कमी आकड्याची बोट मी बघायलाही जाणार नाही. कॉन्टेसा ३२ या नमुन्याचा आकडा १५०च्या वर आहे. १९७९ साली इंग्लंडच्या फास्टनेट शर्यतीत वादळ आलं आणि माणसं दगावली. तेव्हा सगळ्यात लहान बोटींच्या गटातून एकच बोट शर्यत पुरी करून आली, ती कॉन्टेसा ३२ होती.

दोन हलांची, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन धडांची, कॅटामरान घे, ती कलतच नाही, असं कोणी तुम्हाला सांगेल. खरं आहे, ती आरामाची असते, चहाचा कप ठेवला तर जागचा हलत नाही. पण ती उलटली तर उलटीच राहते, आणि एकट्या माणसाला ती सरळ करता येत नाही. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला.

आता लहान काहून. नौदलाची ‘म्हादेई’ ५६ फुटांची, हे तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. दिलीप दोंदे तिच्यावरून २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. पण ते नौदलाचे अधिकारी होते आणि त्यांच्या मागे किनाऱ्यावर तयारीची अख्खी फौज होती. एकट्या साध्या माणसासाठी ३० ते ३६ फूट हे माप पुरेसं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ३२ फुटांची, सागवानाची, आपल्या मुंबईत बांधलेली. १४ जून १९६८ ला ते निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, एकट्याने न थांबता जग फिरून पोचले. त्यांच्या आधी हे कोणी केलेलं नव्हतं.

लांबी वाढली की वेग वाढतो हे खरं. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणायचं, की बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये निघतो. २५ फुटांना ६.७ नॉट. प्रत्यक्षात सरासरी ५ धरायची, म्हणजे ताशी ९ किलोमीटर, दिवसाला १०० ते १२० सागरी मैल. कोणी दिवसाला १५० मैलांचा हिशेब मांडून दाखवला तर समजायचं की त्याने वारा पडतो ते दिवस धरलेलेच नाहीत.

पण वेगापेक्षा मला नांगराचं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं. ३२-३४ फुटी बोटीला १५ ते २० किलोचा नांगर आणि ८ मिलिमीटरची ६० मीटर साखळी लागते. ही साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते. २० मीटर खोल पाण्यात नांगर तळ सोडतो तेव्हा हातावर ४० ते ५० किलो येतात. साखळी ओढायचं विजेचं यंत्र नेमकं वादळाच्या रात्री बंद पडतं, आणि तेव्हा ते ओझं दोन हातांनी वर यायला हवं. ४५ फुटी बोटीचा नांगर आणि १० मिलिमीटरची साखळी मला ओढवणार नाही. शिडाचंही तसंच. मुख्य शीड २५-३० चौरस मीटरच्या पुढे गेलं की ओल्या, फडफडत्या कापडाला एकट्या माणसाने आवरणं कठीण. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून मुख्य शिडाला तीन रीफ हव्यात, म्हणजे ते तीन टप्प्यांत लहान करता आलं पाहिजे. दोनच असतील तर तिसरी शिवून घ्यायची. पुढच्या बाजूला गुंडाळता येणारं मोठं शीड, आणि त्याच्या मागे, डोलकाठीपासून डेकवर ताणलेल्या आतल्या तारेवर, वादळासाठी लहान जाड शीड. डेक म्हणजे बोटीचा वरचा तक्ता. ही आतली तार नसलेल्या बोटी पुष्कळ आहेत. ती नंतर बसवता येते, पण डेकखाली तिचा ताण पेलणारा पक्का आधार करावा लागतो. नाहीतर डेकच उचलला जातो.

रीफचे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे मागे सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेपर्यंत, आणावेत की डोलकाठीपाशीच ठेवावेत, यावर जाणकारांची भांडणं चालतात. मागे आणले की पुढे जावं लागत नाही, पण प्रत्येक कप्पीवर दोर घासतो आणि जोराच्या वाऱ्यात अडकतो. मग पुढे जावंच लागतं. माझं मत डोलकाठीपाशी ठेवण्याचं. तिथे कमरेला टेकायला पोलादी कठडा हवा, आणि डेकवर पुढून मागेपर्यंत पट्टा ताणलेला, ज्याला अंगावरच्या पट्ट्याचा आकडा अडकवायचा. आई, कॉकपिटबाहेर पाय टाकायच्या आधी तो आकडा अडकवलेला असतो. बोट पुढे निघून गेल्यावर पाण्यातल्या एकट्या माणसाला घ्यायला परत येणारं कोणी नसतं.

जुनी काहून, याचं उत्तर बाबांना पटेल असं वाटतं. १९७०-८० च्या दशकांतल्या कितीतरी बोटींचे फायबरचे हल जाड आहेत. नीट ठेवलेलं फायबर लवकर म्हातारं होत नाही. डोलकाठीला धरणाऱ्या तारा, शिडं, इंजिन, वायरिंग म्हातारं होतं, पण ते बदलता येतं. आजच्या कारखान्यातल्या बऱ्याच बोटी रुंद, चपट्या तळाच्या, खाली बोल्टांनी जोडलेली अरुंद कील आणि मागे मोकळं लोंबतं सुकाणू असलेल्या. बंदरात त्या छान वळतात. भर समुद्रात मात्र लांब कील असलेली बोट सरळ रेषेत जाते आणि सुकाणूवर सारखं बसून राहावं लागत नाही. गोल्डन ग्लोब या एकट्यांच्या शर्यतीचा नियमच असा आहे की बोट ३२ ते ३६ फुटांची हवी, तिचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा, कील लांब हवी आणि सुकाणू कीलच्याच मागच्या कडेला हवं. २०१८ ची शर्यत रस्लर ३६ या नमुन्याने जिंकली. त्याच वर्षी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमींच्या ‘तुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार लागला. ‘तुरिया’ ही ‘सुहेली’चीच प्रतिकृती होती. पुढच्या शर्यतीत ते रस्लर ३६ घेऊन उतरले आणि दुसरे आले. रस्लर जुनी मिळाली तरी महाग पडते, म्हणून माझी यादी निकल्सन ३२, व्हँकूव्हर ३२ आणि कॉन्टेसा ३२ अशी आहे. कॉन्टेसाला लांब कील नाही, पण सुकाणूला पुढून भक्कम आधार आहे. आत मात्र ती अरुंद आहे, आणि लाटेवर डेक सतत ओला राहतो.

सुकाणूवर एवढा भर देण्याला आणखी एक कारण आहे. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातले मोठे प्राणी, शिडाच्या बोटींची सुकाणू तोडतात, आणि त्यात काही बोटी बुडाल्याही. बिनआधाराचं सुकाणू गेलं की बोट दिशाहीन होते. आणि आई, पुढचं वाक्य वाचून पत्र खाली ठेवू नकोस: मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघं गेले. बोल्ट लावलेली कील आधी कधी जमिनीला आपटली असेल तर आतला सांधा कमजोर झालेला असू शकतो, आणि तो वरून दिसत नाही. म्हणून घेण्याआधी बोट पाण्याबाहेर उचलून तपासणारा स्वतंत्र सर्व्हेअर लावायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही.

सर्व्हेअर त्याचं काम करेल, पण काही गोष्टी मी स्वतः बघणार आहे. प्लास्टिकच्या लहान हातोडीने डेकवर टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं. जिथे स्क्रू किंवा कडी बसवलेली असते तिथूनच पाणी शिरतं. मग डोलकाठीच्या तारांना धरणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्या डेकमधून खाली जातात आणि नेमक्या त्या फटीत, जिथे ओल असते पण हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टील आतून गंजतं. बाहेरचा भाग चकचकीत असतो आणि आत चीर. एक तरी पट्टी काढून बघू द्या म्हणायचं. मालक नाही म्हणाला तर ती बोट सोडायची. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या बदलायच्याच, दिसायला कितीही चांगल्या असोत. बहुतेकदा त्या टोकाला तुटतात, जिथे तार नळीत दाबून बसवलेली असते. तिथे एक जरी धागा उभा दिसला तरी तार गेली म्हणायची.

हलमधून बाहेर जाणारे नळही तपासायचे. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी पडतो आणि हाताच्या जोराने तुटतो. ब्राँझचे हवेत. प्रत्येक नळाशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असावी. कॉकपिट लहान हवं, कारण मागून लाट आली की ते भरतं. दीड घनमीटर पाणी म्हणजे दीड टन भार, बोटीच्या शेपटीवर. पाणी बाहेर जायला दोन मोठी भोकं, आणि खाली उतरायच्या दाराला उंच उंबरा. दाराच्या फळ्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून अडकवता आल्या पाहिजेत.

इंजिनाचं पान बाबा, तुम्ही वाचायचं. २०-३० अश्वशक्तीचं डिझेल असेल. डिझेलमध्ये पाणी, त्यावर वाढणारी काळी बुरशी आणि तुंबलेले फिल्टर यांनीच ते बहुतेक वेळा बंद पडतं. डिझेलच्या नळीतली हवा कशी काढायची ते तुम्हाला सांगायला नको. समुद्राचं पाणी ओढणारी रबरी पाती झिजते, ती सुटी दोन-तीन ठेवावी लागते. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगायचं. आपण पोचायच्या आधी कोणी ते गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्यायचा.

झोपेचं. सुकाणू धरायला विंडव्हेन असतो. मागच्या बाजूला एक पातं वाऱ्याची दिशा ओळखतं, खाली पाण्यातलं दुसरं पातं बोटीच्या वेगातून जोर घेतं आणि सुकाणू वळवतं. वीज शून्य. विजेचा ऑटोपायलट दिवसाला ४०-८० अँपिअर-तास खातो आणि कुठल्या तरी ओल्या जोडात बिघडतो, म्हणून तो दुसरा उपाय. जहाजांचा धोका मात्र खरा आहे. समोरून २० नॉटने येणारं जहाज आणि आपण ५ नॉटने, मिळून २५. आठ मैलांवर ते दिसलं तर हाती साधारण वीस मिनिटं उरतात. म्हणून जहाजांच्या वाटेवर आणि किनाऱ्याजवळ वीस मिनिटांचा गजर लावून डुलक्या घ्यायच्या. भर समुद्रात एआयएस यंत्र, म्हणजे इतर जहाजांचे रेडिओ संदेश पकडून ती कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र, जहाज जवळ आलं की घंटा वाजवतं, तिथे थोडी लांब झोप चालते. मासेमारीच्या बऱ्याच होड्यांवर ते यंत्र नसतं, म्हणून किनाऱ्याजवळ त्यावर विसंबता येत नाही. झोपायची जागा बोटीच्या मध्यावर, खाली आणि अरुंद हवी, बाजूला कापडाची भिंत बांधून. ऐसपैस खोलीत लाट आली की माणूस या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो.

आई, पाणी दिवसाला चार लिटर धरलं आहे, पिणं आणि स्वयंपाक मिळून. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला २७०० मैल, शंभराच्या हिशेबाने २७ दिवस. पाणी ४० दिवसांचं न्यायचं, म्हणजे १६० लिटर. ते दोन वेगळ्या टाक्यांत, कारण एक फुटली किंवा खारट झाली तर दुसरी राहते, आणि वर वीस-वीस लिटरचे दोन कॅन. भांडी समुद्राच्या पाण्याने. गॅस तुझ्याच सिलिंडरमधला, पण घरात तो दाराच्या फटीतून निघून जातो, बोटीत पोटात साचून राहतो. म्हणून सिलिंडर डेकवरच्या वेगळ्या कप्प्यात, ज्याच्या तळाचं भोक थेट समुद्रात उघडतं, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर वरूनच बंद.

पैशांचं थोडक्यात: बोटीच्या किमतीला जेवढे ठेवले, जवळपास तेवढेच तारा, शिडं, विंडव्हेन आणि नांगरासाठी वेगळे ठेवले आहेत. त्याला हात लावून मोठी बोट घ्यायची नाही. डेकमध्ये ओल निघाली तर सौदा मोडायचा आणि यादीतली पुढची बोट बघायची. सर्व्हेचा कागद आला की इंजिनाचं पान मराठीत लिहून पाठवते. बाबांनी त्यावर पेनाने खुणा करून फोटो काढून पाठवावा.

तुमची,
मोठी