मामा, तुम्ही विचारलेल्या त्या लाल ठिपक्यांबद्दल

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात ऋणनिर्देशाची दोन पानं आहेत. मार्गदर्शक, सहकारी, घरचे, सगळे त्यात आहेत. तुम्ही नाही. ते मला अजून टोचतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

२००८ साल. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये, जिथे तुम्ही परिचर होतात, मला मुळाचा आडवा छेद काही केल्या जमत नव्हता. सगळे घरी गेले, तरी तुम्ही कुलूप हातात घेऊन थांबलात. गाजराचा तुकडा उभा चिरून त्यात कांद्याचं मूळ बसवून दिलंत. "ब्लेड दाबू नको पोरी, ओढ. आणि पातं ओलं ठेव." वॉच ग्लासमधल्या वीस-पंचवीस कापांतला जो जवळजवळ दिसतच नव्हता, तोच तुम्ही ब्रशने उचललात. ती ताजी मुळं मिळावीत म्हणून कांदेही तुम्हीच काही दिवस आधी पाण्याच्या ग्लासांवर ठेवले होते.

फ्लोरोग्लुसिनॉल हे रंग आणणारं रसायन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर मधल्या जलवाहिन्या लाल झाल्या. त्यांच्याभोवती एंडोडर्मिसच्या, म्हणजे मुळाच्या आतल्या आवरणाच्या, पेशींचं कडं, आणि दोन शेजारी पेशींमधल्या भिंतीवर एकेक बारीक लाल ठिपका. कास्पेरियन पट्टी, आडव्या छेदात ठिपक्यासारखी दिसणारी! तुम्हीही भिंगाला डोळा लावलात आणि विचारलंत, "बाकीची भिंत कोरी सोडून रंग तेवढ्याच जागी कसा गं?"

मामा, रॉबर्ट कास्पारी यांनी १८६५ मध्ये या पट्टीचं वर्णन केलं होतं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी जगात कुणाकडेच नव्हतं. ती पट्टी कशाची, यावरसुद्धा एकमत नव्हतं. बऱ्याच पुस्तकांत सुबेरिन, म्हणजे मेणासारखा पदार्थ, लिहिलेलं असायचं. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात ती लिग्निनची, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणाऱ्या पदार्थाची असते, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं.

आता तुमचं उत्तर. लिग्निनचा कच्चा माल भिंतीत येतो, पण तो जोडायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज विकर एकाच ठिकाणी लागतात. ते ठिकाण ठरवतात कास्प नावाची प्रथिनं. पेशीच्या पटलावर, बरोबर मधोमध, ती पट्ट्यासारखी गोळा होतात आणि जोडणीची सामग्री तिथेच धरून ठेवतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या गटाने ही प्रथिनं २०११ मध्ये दाखवली. तो शोधनिबंध वाचताना मला गाजर आठवलं होतं.

याहून मोठी गोष्ट २०१७ मध्ये कळली, नागोया आणि लोझान इथल्या गटांकडून. पट्टी पूर्ण झाली, आता थांबायचं, हे पेशीला कसं कळतं? तुम्ही बर्नरच्या नळीला साबणाचं पाणी लावून गॅसची गळती बघायचात ना? बुडबुडे येताहेत तोवर आवळत राहायचं. मूळही हेच करतं. आतल्या भागात सिफ नावाचे छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, तयार होतात. पट्टीत फट असेल तर ते पेशींच्या मधून बाहेरच्या बाजूला झिरपतात. एंडोडर्मिसच्या पटलावर त्यांना पकडणारं एक ग्राही प्रथिन आहे, आणि पुढे निरोप देणारं त्याचं जोडीदार प्रथिन फक्त बाहेरच्या बाजूला असतं. पेप्टाइड तिथवर पोचला, की आतून हुकूम सुटतो: अजून लिग्निन घाला. फट बुजली, की पेप्टाइड आतच अडतो आणि हुकूम आपोआप थांबतो. पट्टी नीट होतच नसेल, तर हुकूम चालूच राहतो आणि लिग्निन पेशीच्या कोपऱ्यांतही साचत जातं.

हा बंदोबस्त आहे म्हणून मातीतले क्षार भिंतींच्या वाटेने थेट जलवाहिन्यांत शिरत नाहीत. आत जायचं तर पेशीच्या पटलातून, तिच्या परवानगीने जावं लागतं. हे मी आता वर्गात शिकवते, आणि प्रत्येक वेळी तुमचा तो प्रश्न मुलांना जसाच्या तसा विचारते.

अ‍ॅराबिडॉप्सिसचं मूळ इतकं बारीक, की आम्ही ते न कापता अख्खंच लेसरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तरी नव्या मुलांना मी आधी गाजर आणि कांद्याचं मूळ देते. पातं ओलं ठेवायला सांगते.

त्या संध्याकाळी तुमची शेवटची एसटी चुकली होती, हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मामा, त्याबद्दल आणि त्या एका कापाबद्दल मनापासून आभार. दिवाळीत गावी येईन तेव्हा पट्टीचा मोठा फोटो घेऊन तुमच्याकडे येते.

तुमची,
कांद्याच्या मुळांसाठी उशिरापर्यंत थांबलेली विद्यार्थिनी