टाय घातलेलं अस्वल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, जुनी कार्टून्स आता बघवत नाहीत, नुसती चित्रं ठेवल्यासारखी वाटतात, पळणाऱ्याच्या मागे तेच झाड आणि तोच दगड फिरून फिरून येतो. तेव्हा मी गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक पत्र.

योगी बेअर आठव. अस्वल आहे, अंगात शर्ट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय! लहानपणी वाटायचं की स्टाइल आहे. तर तसं नाहीये रे. त्या कॉलरमुळे मान आणि धड यांचा जोड झाकला जायचा, म्हणजे धडाचं चित्र तेच ठेवायचं आणि वरचं डोकं, तोंड, डोळे तेवढे नव्याने काढायचे. हकलबेरी हाउंड या कुत्र्याच्या गळ्यात बो टाय, फ्रेड फ्लिंटस्टोनला टाय, आता बघशील तर सगळीकडे हेच दिसेल.

आणि हे करणारे कोण, तर हॅना आणि बार्बेरा, ज्यांनी 1940 पासून टॉम अँड जेरी केलं! ते मुळात टीव्हीसाठी नव्हतंच, थिएटरमध्ये सिनेमाआधी दाखवायचे. सात ऑस्कर मिळाले त्याला. त्यातली धावपळ बघ, शेपटीचं टोकसुद्धा जिवंत आहे, संवाद जवळजवळ नाहीत, सगळं स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतावर चाललंय, आणि टॉम जो किंचाळतो ना, तो आवाज खुद्द हॅनाचा. मग 1957 मध्ये ते जिथे काम करायचे त्या एमजीएम या फिल्म स्टुडिओने कार्टून विभागच बंद केला. इतकी वर्षं जे हात असं बारीक काम करत होते त्यांना आता टीव्हीसाठी काम करायचं होतं, आणि टीव्हीकडे पैसा अगदी कमी, वेळ तर त्याहून कमी. त्यांनी रडगाणं न गाता चित्रं कमी केली आणि सगळा भार आवाजावर टाकला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, खरंच.

कारण मग आवाज देणारे लोक काय कमाल होते! योगी आणि हकलबेरी, दोघंही डॉज बटलर एकटाच. आणि मेल ब्लँक, म्हणजे बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग सगळं एका गळ्यातून. 1961 मध्ये त्याला भयंकर कार अपघात झाला, दोनेक आठवडे कोमात, कुणाला उत्तर देईना. शेवटी डॉक्टरांनी त्याला नावाने हाक मारायची सोडून बग्ज बनीलाच विचारलं, कसा आहेस, आणि त्याने बग्जच्या आवाजात उत्तर दिलं! पुढे अंगभर प्लास्टर असताना घरी पलंगावर पडूनच त्याने फ्लिंटस्टोन्समधल्या बार्नीचे संवाद रेकॉर्ड केले. आता सांग, बार्नीच्या मागे तेच झाड तीनदा गेलं तर काय बिघडलं?

अजून एक, हे कार्टून नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातले दुकानवाले मिस्टर हूपर. ते काम करणारे विल ली 1982 च्या डिसेंबरमध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, नाहीतर हूपर गाव सोडून गेले म्हणता आलं असतं. पण त्यांनी मुलांना खरं सांगायचं ठरवलं. नोव्हेंबर 1983 मधला तो भाग. त्यातला मोठा पक्षी बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, एकेकाला वाटतो, हूपरचं हातात उरतं, ते आले की देईन म्हणतो, आणि मोठी माणसं त्याला हळूच समजावतात की ते वारलेत, आता परत येणार नाहीत. त्या आठ फुटी पिवळ्या पक्ष्याच्या आत कॅरल स्पिनी होता, एक हात डोक्यावर उंच धरून पक्ष्याचं डोकं हलवायचा आणि बाहेरचं छातीवर बांधलेल्या छोट्या टीव्हीवर बघायचा. ती चित्रंही त्यानेच काढलेली, माहितीये?

एवढं तरी शोधून बघ, आणि एकटा बघ, मोबाइल बाजूला ठेवून. शेवटी बिग बर्ड ते हूपरचं चित्र आपल्या घरट्यापाशी लावतो, तिथपर्यंत बघ आणि मग रात्रीचे कितीही वाजले असू देत, मला फोन कर.

तुझाच,
जुना दोस्त