सगळेच पात्र, मग पात्रता कोणाची तपासता?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी झरी जामणी तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी. यंदा शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, म्हणजे मोफत उपचारांच्या योजनेतून, मायचे पोटाचे ऑपरेशन ठरले, तेव्हा वेचणी नुकतीच आटोपली होती. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे इतकी सोलली होती की मशीनवर अंगठाच उमटेना. त्यात रेशनकार्डावर नावापुढे 'बाई', आधारवर नाही. दवाखाना, सेतू केंद्र, तहसील, पुन्हा दवाखाना अशा चार चकरा झाल्या. अकरा दिवस ती कण्हत घरी पडून होती. काउंटरवरच्या आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कागदांत मदत करणाऱ्या ताई, भल्या होत्या, पण त्यांच्या हाती काहीच नव्हते.

चकरांचा खर्च आमचा झाला, पण साहेब, शासनाचाही होतोच. आधी नोंदणी, मग पूर्वमंजुरी, फोटो, शंका, शंकेला उत्तर, सुटी झाल्यावर क्लेम. दवाखान्यातल्या माणसाने कागद चढवायचे, पलीकडच्याने त्यात त्रुटी काढायच्या, आणि दोघांचाही पगार शेवटी आरोग्याच्याच पैशातून. अमेरिकेत विमा कंपन्यांचा असाच पसारा आहे. तिथल्या संशोधकांनी २०१७ सालचा हिशेब मांडला, तर आरोग्यखर्चातले सुमारे ३४ टक्के नुसत्या कारभारात गेलेले दिसले. कॅनडात उपचाराचे पैसे मुख्यतः सरकारच भरते. तिथे हा आकडा १७ टक्के होता. आपल्या या योजनेत हा वाटा किती, तो दरवर्षी जाहीर करावा.

जुलै २०२३ मध्ये शासनाने ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचे ठरवले, ५ लाखांपर्यंत. मी गावात घरोघरी सांगत फिरलो होतो. मग पिवळे, केशरी, पांढरे सगळेच पात्र असताना रेशनकार्ड कशासाठी मागता? बोगस बिले निघतात, मान्य. ती दवाखान्यांच्या हिशेबात शोधावीत. मायच्या अंगठ्यात ती कशी सापडतील? उपचार आधी सुरू व्हावेत, कागद कार्यालयाने मागाहून जुळवावेत.

आणखी एक. योजना मुख्यतः भरती झालेल्यांसाठी आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोराला महिन्याच्या गोळ्या लागतात, म्हाताऱ्यांना बीपी-शुगरच्या. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात. नसल्या की मेडिकलमधून उधारीवर आणाव्या लागतात. पैशाअभावी कोणी उपचाराविना राहू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तपासणीच्या या उतरंडीवर जाणारा पैसा आधी आमच्या आरोग्य केंद्रातल्या औषधांना आणि रिकाम्या जागांवरच्या डॉक्टरांना द्या.

पुढच्या महिन्यात मायला पुन्हा दाखवायला न्यायचे आहे. कोणते कागद लागतील हे विचारायला मी उद्या पहाटेच्या एसटीने आधी एकटाच जाणार आहे.

आपला,
एक शेतकरी, जि. यवतमाळ