जिद्द पुरे, हिशेबही छापा

महोदय,

‘जिद्दीच्या जोरावर २२६ किलोमीटर’ ही आपल्या क्रीडा पानावरची बातमी वाचली. एका हौशी खेळाडूने लांब पल्ल्याची ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं एकाच दिवशी) पूर्ण केली, त्याचा फोटो आपण छापलात, आनंद वाटला. मथळ्याशी मात्र माझं भांडण आहे. मी स्वतः या स्पर्धेत दोनदा उतरले. पहिल्या वेळी जिद्द उतू जात होती आणि मी अर्ध्यातून परतले. दुसऱ्या वेळी जिद्द तेवढीच होती, पण वहीत हिशेब होता. १५ तास २९ मिनिटांत पोहोचले.

पहिल्या वेळचं सांगते, कारण असलं कुणी छापत नाही. ३.८ किलोमीटर पोहून पाण्याबाहेर आले तेव्हा अंगात वारं शिरलं होतं. सायकलच्या १८० किलोमीटरपैकी पहिले साठ मी ताशी तीसच्या वेगाने मारले. सरावात माझा वेग पंचवीसचा! एकेक जण मागे पडताना बघून फार बरं वाटत होतं. इतक्या जोरात पेडल मारताना रक्त पायांकडे धावतं आणि पोट संपावर जातं. त्यामुळे ताकदीसाठी खायची गोड जेलची पाकिटं खिशात तशीच राहिली. पाणी तेवढं पीत गेले, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर, तहान असो वा नसो. ‘भरपूर पाणी पी’ हे लहानपणापासून ऐकत आलेलो असतो ना आपण.

धावताना एकोणिसाव्या किलोमीटरला डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं, बोटातली अंगठी फिरेना. अंगातलं पाणी कमी झालं असणार, असं समजून मी आणखी दोन ग्लास प्यायले. वैद्यकीय तंबूत वजन केलं तर सकाळपेक्षा जास्त भरलं! डॉक्टरांनी पाणी ताबडतोब बंद करायला लावलं. अति पाण्याने रक्तातल्या सोडियमचं प्रमाण खाली आलं होतं. हायपोनेट्रेमिया म्हणतात याला. ते वाढत गेलं तर मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. ‘अजून दहा किलोमीटर रेटते’ म्हणून मी तंबूत शिरलेच नसते, तर आपल्याला माझी बातमी दुसऱ्या पानावर घ्यावी लागली असती.

दुसऱ्या वर्षी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. अशा स्पर्धांत साधारणपणे १७ तासांची मुदत असते. त्यातही पोहणं २ तास २० मिनिटांत आणि सायकल सुरुवातीपासून साडेदहा तासांत संपायला हवी. माझं पोहणं १ तास ३५ मिनिटं. कपडे बदलायला बारा मिनिटं. (बारा कशाला, असं विचारणाऱ्याने ओल्या अंगावर घट्ट मोजे चढवून बघावेत.) ताशी पंचवीसने सायकल ७ तास १२ मिनिटं. मग दहा मिनिटांची उसंत आणि ४२.२ किलोमीटर, दर किलोमीटरला नऊ मिनिटं. म्हणजे धावणं, चालणं, पुन्हा धावणं. याला कुणी धावणं म्हणणार नाही, पण बेरीज मुदतीत बसते, तीही दीड तास हाताशी ठेवून.

शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, काही तासांतच संपत येतं. म्हणून सायकलवर दर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलीच पाहिजेत, म्हणजे सात तासांत चारशेच्या वर. एवढं पचवायला पोटालाही सराव द्यावा लागतो. सुट्टीच्या दिवशी सहा-सहा तास सायकल चालवली ती पायांसाठी कमी आणि पोटासाठी जास्त. घरच्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. आठवड्याचे अकरा तास मी घरातून काढून घेतले होते, तेव्हा त्यांच्या रागालाही अर्थ होता.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यात कठीण काय गेलं? सायकलचे पहिले साठ किलोमीटर. माझ्याहून वयाने मोठी माणसं पुढे निघून जात होती आणि मला पंचविसाचा काटा सोडायचा नव्हता. त्यातले बरेच जण रात्री धावण्याच्या वाटेवर बसलेले दिसले. मी आनंदले असं म्हणणार नाही, पण खोटं कशाला बोलू, थोडी आनंदले.

ही गोष्ट स्पर्धेच्या जन्मापासूनची आहे. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे हीच लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, झाली. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. धावायला सुरुवात झाली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला, डनबार दुसरा आला. डनबारकडे जिद्द कमी होती असं कोण म्हणेल?

आपली बातमी वाचून उद्या कुणी पोरगा चार महिन्यांत ‘मनाच्या बळावर’ उतरायला निघेल. पुढच्या वेळी बातमीत निदान चार आकडे द्या: सराव किती महिने, आठवड्याला किती तास, याआधी कितीदा सोडावी लागली, पोहताना सुरक्षेला किती होड्या होत्या. आणि त्या खेळाडूला ‘प्रेरणा कुठून मिळाली’ असं विचारण्याऐवजी ‘सायकलवर काय काय खाल्लं’ असं विचारून पाहा. प्रेरणेवर तो दोन वाक्यं बोलेल. खाण्यावर बोलायला लागला की आपल्या वार्ताहराला त्याला थांबवावं लागेल.

आपली,
दुसऱ्या खेपेला पोहोचलेली एक वाचक