संदर्भसूचीतल्या नावांना जपणाऱ्या ग्रंथपाल सरांना

आदरणीय सर,

‘माझं नाव कुठे लिहू नका’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ठाण्यातल्या ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुम्ही बसता, तिथली मी ना विद्यार्थिनी, ना शिक्षिका. कळव्याहून आलेली एक परकी बाई. पिशवीत ठाणे खाडीतल्या मासेमारीवरचा शोधनिबंध, आणि त्याच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची, जिची पार वाताहत झाली होती. ओळखपत्र मागायच्या आधी तुम्ही खुर्ची पुढे केलीत.

ती वाताहत कुणी केली, हे लिहायलाच हवं. पहिल्या नियतकालिकासाठी सूची व्हँकूव्हर पद्धतीत होती, म्हणजे मजकुरात आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने नोंदी. विषय आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून त्यांनी लेख परत पाठवला. दुसऱ्या नियतकालिकाला एपीए या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती हवी होती, म्हणजे मजकुरात लेखकाचं आडनाव आणि वर्ष. कॉलेज, घर, सासूबाईंचं आजारपण यातून वेळ निघेना, म्हणून प्रबंध ‘सेट’ करून देणाऱ्या एका दुकानात पैसे मोजून काम दिलं. परत आलं ते पाहून पोटात गोळा आला. लेखकांची पहिली नावं आडनावाच्या जागी जाऊन बसली होती. मराठी नोंदींच्या जागी नुसते चौकोन उमटले होते. आणि सूचीत असे काही लेख घुसले होते जे मी कधी पाहिलेच नव्हते, कारण ते कुणी लिहिलेलेच नव्हते! जाब विचारला तर उत्तर मिळालं, “मॅडम, रेफरन्स कोण वाचतंय?” तसाच लेख गेला असता तर खोटेपणाचा ठपका माझ्या नावावर बसला असता, त्यांच्या नाही. हे आठवलं की अजून हात थरथरतात.

दुसरा सल्ला एका मोठ्या अभ्यासकांचा. “मराठीतलं ते सगळं काढून टाका. डीओआय नाही, काही नाही. उगाच लेख हलका वाटतो.” डीओआय म्हणजे लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक.

तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. सूची वरपासून खालपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, “एकेक बघू. तुम्ही वाचा, मी ताडून बघतो.” मग मी मोठ्याने वाचत गेले, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सगळं उच्चारून, आणि तुम्ही प्रत्येक डीओआय उघडून पाहत गेलात. एक उघडला तर भलत्याच विषयावरचा लेख समोर आला. तो तिथल्या तिथे बाद. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून ‘आणि इतर’, पण सूचीत वीस नावांपर्यंत सगळी द्यायची. नियतकालिकाचं नाव आणि खंड तिरक्या अक्षरांत, कंसातला अंक मात्र सरळ. प्रकाशकाचं गाव सातव्या आवृत्तीत लागत नाही. १८८२च्या गॅझेटियरवर, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथावर, ‘ठाणा’ छापलंय, तर तसंच ठेवायचं, आपण ते ‘ठाणे’ करायचं नाही.

पाटलांचा घोळ तर तुम्ही फार मायेने सोडवलात. आमच्या या पट्ट्यावर लिहायचं म्हटलं की पाटील, म्हात्रे, भोईर पावलोपावली भेटणार. आडनाव एकच पण माणसं वेगळी असली, तर मजकुरातही आद्याक्षरं द्यायची. माणूस तोच आणि वर्षही तेच असेल, तर वर्षापुढे अ, ब लावायचं. “नाहीतर एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं,” तुम्ही म्हणालात. इतकं साधं कारण मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे एवढंच सांगायचे, ‘नियम आहे.’

पण सर, हे पत्र खरं तर त्या कार्डासाठी आहे.

मच्छीमार सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला तो लेख. खाडीतली कुठली मासळी कुठल्या भरतीला लागायची, कुठली कधीपासून दिसेनाशी झाली, हे त्यात एका निवृत्त मास्तरांनी लिहून ठेवलंय. माझ्या निबंधाचा अर्धा पाया तोच. मोठ्या अभ्यासकांनी काढायला सांगितला तोही तोच. माझ्याकडे फक्त झेरॉक्स होती आणि तिच्यावर लेखकाचं नुसतं आडनाव. तुम्ही उठलात, आतल्या लोखंडी कपाटातून ती स्मरणिका शोधून आणलीत, रुमालाने पुसलीत. लेखावर पूर्ण नाव नव्हतंच. तुम्ही संपादकीय पाहिलंत, मग शेवटची पानं, आणि ऋणनिर्देशाच्या बारीक टायपात तुम्हाला मास्तर सापडले, स्वतःच्या आणि वडिलांच्या नावासकट. जुन्या तालिकेचं एक बाद कार्ड उलटं करून त्यावर पेन्सिलीने तुम्ही लिहिलंत: नाव, वर्ष, पृष्ठं, प्रकाशक सोसायटी. त्याखाली शीर्षक रोमन लिपीत कसं जाईल, पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ कसा येईल, तेही. कार्ड माझ्या हातात देताना म्हणालात, “माणसाने लिहिलंय, तुम्ही वापरलंय. मग नाव जाणारच. डीओआय नसला म्हणून काय झालं?”

मला तिथेच रडू आलं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे सरकवलात आणि पुढची नोंद वाचायला सांगितलीत.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. त्या दुपारी तुम्ही माझा वेळ वाचवायला स्वतःचा घालवलात. दरवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन होतो, हार-तुरे होतात. तुमच्यासारख्यांना तो हार कुणी घालतं की नाही, ठाऊक नाही. पण बदलीच्या, बढतीच्या, रिक्त जागांच्या सगळ्या कटकटींतून जी माणसं दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘बसा’ म्हणतात, त्यांच्याच जिवावर या राज्यातलं संशोधन चाललंय, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पैसे घेऊन खोटे संदर्भ घालणारे एकीकडे, आणि एका मास्तरांच्या वडिलांचं नाव शोधणारे तुम्ही एकीकडे. तुम्ही तर चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

निबंध परीक्षकांकडून परत आला आहे. पद्धतीवर दोन शंका आहेत, त्यांची उत्तरं लिहिते आहे. संदर्भसूचीवर एकही शेरा नाही. एका परीक्षकाने तर मुद्दाम विचारलंय की ती स्मरणिका कुठे पाहायला मिळेल. मी तुमच्या ग्रंथालयाचं नाव कळवलंय, तेवढी परवानगी न विचारता घेतली. मास्तरांच्या घरच्यांचा पत्ता चेंदणी कोळीवाड्यात लागलाय. लेख छापून आला की एक प्रत त्यांना देईन आणि एक तुम्हाला. ती त्याच लोखंडी कपाटात, स्मरणिकेच्या शेजारी ठेवाल ना?

तुमची,
कळव्याची एक वाचक