मीटर दाखवा, मग बिल मागा

महोदय,
आमच्या सोसायटीत विजेला मीटर, पाण्याला मीटर, आता स्वयंपाकाच्या गॅसलाही मीटर. इंटरनेटचे मात्र कंपनी सांगेल तेच खरे. गेल्या महिन्यात वीस तारखेलाच आमचा वेग गळपटला. कारण विचारले तर ‘तुमची डेटाची मर्यादा संपली.’ कोणी संपवली, याला उत्तर नाही.

मी निवृत्त लेखापाल, त्यामुळे ताळा जुळल्याशिवाय झोप लागत नाही. चार फोनच्या सेटिंगमध्ये वायफायचा वापर वेगळा दिसतो, लॅपटॉपमध्येही दिसतो. त्यांची बेरीज कंपनीच्या आकड्याच्या निम्मीही भरेना. उरलेला खाणारा भिंतीवर होता! चांगल्या दर्जाचे चित्र टीव्हीवर तासाला सुमारे ३ जीबी घेते, फोर-के या अतिस्पष्ट चित्राला ७ जीबीपर्यंत. त्याचा हिशेब आमचा टीव्ही दाखवत नाही. दारावरचा कॅमेरा रात्रंदिवस चित्रण इंटरनेटवर पाठवतो, तेही यातच. राउटरच्या, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या पेटीच्या, सेटिंगच्या पानावर एकूण आकडा असतो खरा, पण वीज गेली की तो शून्यावर. आणि सांगलीत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते काय सांगावे!

मर्यादा संपत आली की ग्राहकाला कळवावे, संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसखाली नेऊ नये, असे ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१६ मध्येच बजावले आहे. आम्हाला संदेश आला तो वेग उतरल्यावर. कंपन्यांनी दर महिन्याच्या बिलासोबत रोजचा वापर तारखेनिशी छापून द्यावा, आणि राउटर देतानाच त्यात उपकरणवार नोंद राहील अशी सोय करावी.

– एक ज्येष्ठ ग्राहक, विश्रामबाग, सांगली