1908 च्या संपातल्या मृतांची नावं आम्हीच शोधून आणायची का?

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार. लालबागच्या जाहीर कार्यक्रमात आपण शब्द दिला होता की, टिळकांच्या शिक्षेविरुद्ध झालेल्या 1908 च्या संपात गोळीबारात मेलेल्या गिरणी कामगारांचा स्मृतिस्तंभ गिरणगावात उभा राहील, आणि तोही पुढच्या 23 जुलैच्या आत. तो 23 जुलै होऊन गेला. आता आपल्या कार्यालयाचं पत्र आलंय. मृतांची नावं आणि ते संपातच मेल्याचे पुरावे अर्जदारानं सादर करावेत, मग प्रस्तावाचा विचार होईल, असं त्यात म्हटलंय.

गोळ्या सरकारनं झाडल्या, मुडदे सरकारनं मोजले, कागद सरकारच्या कपाटात गेले. काळा घोड्याजवळचं राज्याचं पुराभिलेखागार आपल्या शासनाचं आहे. तरी पुरावा मी आणायचा?

मी पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, त्यामुळे आपल्या कार्यालयाला थोडी उजळणी करून देते. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. त्या दिवसापासून गिरण्या ओस पडल्या. एका वर्षाला एक दिवस, असा सहा दिवस संप चालला. त्या वेळी मुंबईत लाखाच्या घरात गिरणी कामगार होते. बाजारही बंद राहिले. दगडफेक झाली, मी नाकारत नाही. पण पलीकडून पोलीस आणि लष्कराच्या बंदुका चालल्या आणि माणसं मेली. हिंदुस्थानातल्या कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप. लेनिननंही त्याच वर्षी त्याची दखल घेतली होती. आपल्या कार्यालयाला ती घ्यायला आणखी किती वर्षं हवीत?

आणि हे संपकरी कोण होते? रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेली, चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जण राहणारी माणसं. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. स्वदेशीच्या लाटेत मालकांनी कापडाचे भाव चढवले, मजुरी मात्र तशी चढली नाही. अशा माणसांनी एका संपादकासाठी सहा दिवसांच्या पोटावर पाणी सोडलं. राष्ट्र म्हणजे काय हे त्यांना कुणा वकिलानं शिकवलं नव्हतं.

नववी-दहावीच्या मुलांना मी युरोपातला राष्ट्रवाद शिकवायचे. मॅझिनी, गॅरिबाल्डी, बिस्मार्क ही नावं मुलं पाठ करायची. मी त्यांना बर्लिनही सांगायचे. 18 मार्च 1848 ला तिथं लोकांनी रस्त्यांवर अडथळे उभारले, सैन्यानं गोळ्या घातल्या. मेलेल्यांत बहुतेक कारागीर आणि मजूर होते. दुसऱ्या दिवशी लोकांनी ती प्रेतं राजवाड्याच्या चौकात नेली आणि प्रशियाच्या राजाला त्यांच्यापुढं टोपी काढायला लावली. त्या मृतांचं दफनस्थान फ्रीडरिखशाइनला आजही जपलेलं आहे. पॅरिसमध्ये बास्तीयच्या चौकातल्या स्तंभावर 1830 च्या क्रांतीतल्या मृतांची नावं कोरली आहेत. तिथल्या राज्यकर्त्यांनी वारसांकडे पुरावे मागत स्तंभ अडवून ठेवला नाही.

तिथले राज्यकर्ते साव होते असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी 1848 मध्ये पॅरिसच्या कामगारांनी राजा पळवून लावला, आणि जूनमध्ये त्यातून आलेल्या प्रजासत्ताकानं त्यांना काम द्यायला काढलेल्या राष्ट्रीय कार्यशाळा बंद केल्या. कामगार उठले तेव्हा जनरल काव्हेन्याकनं तोफा चालवल्या. 1871 ला जर्मनी एक झाली आणि 1878 ला बिस्मार्कनं समाजवादी कामगारांच्या संघटनांवर बंदी आणली. राष्ट्र उभं करताना कामगार हवा आणि उभं राहिल्यावर त्याची अडचण, हा प्रकार फार जुना आहे. आपल्याकडे तो अजून चालू आहे.

परदेशी कापडाचा ट्रक अडवताना 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत चिरडला गेलेला बाबू गेनू गिरणी कामगारच होता. हुतात्मा चौकात मशाल धरून शेतकऱ्याशेजारी उभा आहे तोही कामगारच. उच्च न्यायालयात टिळकांचे शब्द संगमरवरावर कोरलेत, ते योग्यच आहे. पण त्या शब्दांसाठी जीव गेलेल्यांना साधा दगडही नाही.

माझे वडील 18 जानेवारी 1982 ला संपावर गेले ते परत साच्यावर उभे राहिलेच नाहीत. आईनं खाणावळ चालवून आम्हाला वाढवलं. माझं शिक्षण डब्यांच्या पैशावर झालं. 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहराला, परवडणाऱ्या घरांना आणि मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल केला आणि पहिले दोन वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरते उरले. वडिलांनी घराचा अर्ज भरला आणि सोडतीची वाट बघत ते गेले. आता आम्हा वारसांना घरासाठी मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचं नाव सांगतात. ज्या जमिनीवर वडील राबले तिथं टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या मुलीनं कर्जतच्या लोकलमध्ये लोंबकळायचं! या सगळ्याचा स्तंभाशी काय संबंध, असं आपले सचिव विचारतील. संबंध हा की, दोन्हीकडे पुरावा आमच्याकडेच मागतात. आम्ही इथं राबलो याचाही आणि इथं मेलो याचाही.

राष्ट्रप्रेमावरची आपली भाषणं मी ऐकते. त्या प्रेमाची किंमत ज्यांनी 1908 मध्ये मोजली त्यांच्यासाठी पुराभिलेखागारात दोन जाणकार माणसं बसवा. जुलै 1908 ची पोलीस आणि न्याय खात्याची कागदपत्रं त्यांना चाळू द्या. जी नावं मिळतील ती कोरा. जी मिळणार नाहीत त्यांच्या जागी ‘गिरणी कामगार’ एवढंच कोरा. खर्चाचं कारण सांगू नका, त्या कार्यक्रमाच्या मांडवावरही खर्च झालाच होता.

आणि करायचंच नसेल, तर पुरावे मागण्याचा खेळ थांबवा आणि नकार आपल्या सहीनं लेखी पाठवा.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी
लालबाग, मुंबई